रांगेत ठेवलेली चप्पल

मंगळ., १६ जाने.

सकाळी सातलाच ऑफिस उघडलं. लोकांची कामं सुरू व्हायच्या आत सर्व्हर मोकळा मिळतो. मंडळी सोडली, पाच हजार. (ऑफिसात 'व्हर्च्युअल यूजर' म्हणतात. ही माणसं खरी नसतात, मी लिहिलेल्या स्क्रिप्टप्रमाणे साइटवर येतात आणि जातात. माझ्या वहीत पहिल्यापासून मंडळीच.) पाचही हजारांनी हमीभावाने तूर विक्रीच्या सरकारी नोंदणीचा फॉर्म उघडला, नाव, गाव, सातबारा भरला, ओटीपी टाकला, नंबर घेतला, गेले. माणशी तीन मिनिटं. एकही पडला नाही.

किरणसाहेब खूश. मालक असले तरी माझ्याहून वीस वर्षांनी लहान, त्यामुळे मला काका म्हणतात आणि कामही सांगतात. म्हणाले, दोन फेब्रुवारीला सही करून सरकारी खात्याला रिपोर्ट देऊन टाकू, पाच तारखेला सकाळी दहाला साइट उघडते.

स्क्रीनभर हिरवं. मागच्या वर्षीही हिरवंच होतं.

बुध., १७

मागच्या वर्षीचा रिपोर्ट कपाटातून काढून वाचला. खाली माझी सही: व. इंगळे. त्यात एक अक्षर खोटं नाही. तरी साइट दहाला उघडली आणि अकरा मिनिटांत बसली. तीन दिवस उठली नाही.

दादा, गावाकडचा माझा थोरला भाऊ, तिन्ही दिवस चांदूर बाजारच्या नोंदणी केंद्रावर रांगेत होता. त्याला नंबर लागला तो पार शेवटचा. तिथवर पोचेपर्यंत पोत्यांचा बारदाना संपला, खरेदी बंद झाली. तूर व्यापाऱ्याला घातली.

मला कोणी काही विचारलं नाही. ना साहेबांनी, ना दादाने. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

गावच्या शाळेत गुरुजी पाटी तपासताना म्हणायचे, "वसंता, गणित बरोबर आहे. प्रश्न चुकीचा वाचलास."

रवि., २१

गावी जाऊन आलो. अंगणात तुरीचा ढीग, वर ताडपत्री, चारी कोपऱ्यांवर दगड. पीक बरं आहे यंदा. वहिनींनी तुरीच्या सोल्यांची आमटी केली होती.

जेवताना दादाने विचारलं, यंदाही तूच तपासून राहिला का. हो म्हटलं. तो वहिनींकडे वळून म्हणाला, "मंग पाच तारखेले मले तीन दिवसाचा डबा बांधून देजो."

वहिनी हसल्या. मीही हसलो. नंतर हात धुताना दादा माझ्याकडे न बघता बोलला: "तुह्या मशीनमधली माणसं तीन मिनिटात फारम भरतेत म्हनं. आमाले तीन मिनिटं त चष्मा सापडाले लागते, वसंता."

परतीच्या एसटीत तेच वाक्य. परतवाडा फाटा गेला तेही कळलं नाही.

सोम., २२

साहेबांकडे आठवडा मागितला. ते म्हणाले, "काका, टेस्ट पास झाली आहे. पास झालेल्या पोराची परत परीक्षा कोण घेतं?"

"पेपर सोपा होता," म्हटलं.

थोडे चिडले, पण तीन दिवस दिले. फी ठरलेली आहे, जास्त दिवस लागले तर त्यांच्या अंगावर येतात. त्यांचंही खरं आहे.

यंदा प्रश्न नीट वाचल्याशिवाय सही करायची नाही. लिहून ठेवतो, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

मंगळ., २३

कागदावर गावची माणसं लिहून काढली, जशी फॉर्म भरतात तशी. दादा: चष्मा. वहिनी: शेत त्यांच्या नावावर, पण बोलायला दादाच पुढे. रहीमचाचा: सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीत दुसरी पिशवी, एकेक कागद काढून वाचून परत घडी घालून ठेवणार, मग म्हणणार, हा नाही. सखूबाई: आडनाव सांगायच्या आधी माहेरचं गाव सांगते.

यांच्यावरून मंडळी नव्याने लिहिली. तीन मिनिटांची कुणाला बारा केली, कुणाला वीस. मधेच थांबणारे, मागे जाऊन गाव बदलणारे. पाच हजार सोडले. साइट धापा टाकत राहिली, पण उभी राहिली.

बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. प्रत्येक माणूस आपापल्या फोनवरून फॉर्म भरतो, असं मी अजूनही धरून चाललो आहे. आमच्या गावात असं कोण करतं? एकही नाही. सगळे केंद्रावर जातात.

जाऊन बघितलं पाहिजे. अश्विनीला विचारलं. ही आमच्याकडे कोड लिहिते, मूळची बाळापूरची, बोलणं मोजकं. म्हणाली, बाळापूरला सलीमभाई आहेत, माझ्या कॉलेजचे सगळे फॉर्म त्यांनीच भरले. तुम्ही जा, मी फोन करते.

गुरु., २५ (उपास)

बाळापूर. बस स्टँडपासून सलीमभाईंचं केंद्र पाच मिनिटांवर. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, भिंतीला आरसा. पूर्वी इथे त्यांच्या वडिलांचं केस कापायचं दुकान होतं, खुर्ची अजून तीच. चहा मागवला. मी उपास सांगितला. "मंग चहा त चालते ना, भाऊ. चहाले धरम नसते."

बाहेर विहीर नाही, नळ नाही, तरी भिंतीला धरून रांग होती. माणसांची नव्हे, चपलांची. बारा-तेरा जोड, एक दगड, एक रिकामी पिशवी. धनी समोरच्या निंबाखाली बसलेले, एक दाढी करून यायला गेलेला. एक बाई आली, शेवटच्या चपलेमागे आपली पिशवी ठेवली आणि कुणाला न विचारता सावलीत जाऊन बसली. आत एक माणूस उठला की बाहेरून दुसरा येतो, आपली चप्पल पायात घालतो, आत जातो. दोन तास बसलो, एकदाही भांडण नाही.

सलीमभाईंना नोंदणीच्या सरावासाठी लॉगिन मिळालेलं आहे. म्हटलं, पाच तारखेला जसं कराल तसंच करून दाखवा. त्यांनी साइट उघडली. फॉर्म उघडला. मग दुसऱ्या टॅबमध्ये आणखी एक. मग आणखी एक. स्क्रीनच्या वर टॅब बारीक बारीक होत गेले. चाळीस मोजले. त्यातला एकच भरायला घेतला.

बाकीचे कशाला, विचारलं.

"जगा पकडा लागते ना, भाऊ. माहे चाळीस लोक हायेत. दहा वाजता एक-एक खोलत बसलो त मांगच राह्यतीन."

सगळेच असं करतात का?

ते माझ्याकडे बघतच राहिले. मुळाक्षरं विचारल्यासारखं. "मंग तुमाले काय वाटलं?"

उघडलेला प्रत्येक फॉर्म सर्व्हरवर एक खुर्ची अडवतो. भरत असाल वा नसाल. एक माणूस लिहितोय आणि एकोणचाळीस खुर्च्या रिकाम्या अडलेल्या. आणि असे सलीमभाई दोन जिल्ह्यांत गावोगाव.

अकोल्याला यायच्या बसमध्ये उभ्यानेच आलो. बसायला जागा होती. लक्ष नव्हतं.

शुक्र., २६

झेंडावंदन करून थेट ऑफिस. सुट्टी, पण अश्विनीही आली, जिलबीचा पुडा घेऊन.

नवी मंडळी लिहिली: केंद्रवाला दहाला पाच कमी असताना येतो, चाळीस फॉर्म उघडतो, एक भरतो, बाकीचे तसेच. अशी केंद्रं खऱ्या यादीत आहेत तेवढी. दुपारी बारा वाजता सोडली.

नऊ मिनिटं.

नवव्या मिनिटाला सगळं लाल. मागच्या वर्षी अकरा मिनिटं लागली होती. आजार तोच. माझ्याच हाताखालून रोगी निरोगी म्हणून गेला होता.

अश्विनीने जिलबीचा तुकडा माझ्यापुढे केला. "खा काका. सापडलं म्हणून खा."

खाल्ली.

शनि., २७

साहेबांना दाखवलं. त्यांचा चेहरा उतरला, पण डोकं चालतं त्यांचं. दहा मिनिटांत उपाय: पाच मिनिटं हालचाल नसलेला फॉर्म आपोआप बंद. खुर्ची मोकळी. अश्विनीने तासाभरात बदल केला, मी मंडळी सोडली. साइट उभी. शेवटपर्यंत हिरवी. "झालं काका," साहेब म्हणाले.

मी पडलेल्यांची यादी काढली. साइट पडली नव्हती. पण रहीमचाचा पिशवी सोडेपर्यंत बाहेर. सखूबाई माहेर सांगेपर्यंत बाहेर. दादा बाहेर. मंगळवारी कागदावर लिहिलेला एकूण एक माणूस बाहेर, आणि परत रांगेच्या शेपटीला.

तसं बोललो. साहेब म्हणाले, साइट पडली तर सगळेच पडतात, त्यापेक्षा थोडे पडलेले बरे. हे खोटं नाही.

पण ते थोडे कोण, हे मला नावानिशी माहीत आहे.

रवि., २८

दादाला फोन केला. आधारला नंबर कुणाचा जोडलाय ते विचारलं. ज्योतीचा. ज्योती म्हणजे त्याची मुलगी, इथेच अकोल्याला एका दवाखान्यात नर्स. वॉर्डात असताना फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो, मधल्या सुट्टीत हातात येतो. सुट्टी साधारण एकला. म्हणजे सकाळी केंद्रावर बसलेल्या दादाचा ओटीपी अकोल्यात एका कुलपात जाऊन पडणार.

नंबर बदलून घे म्हटलं. "दोनदा गेलतो. त्यासाठी अंगठा उमटा लागते. माहा उमटत नाई. घासून गेला." आवाजात तक्रार नव्हती. पावसाबद्दल बोलावं तसं बोलला.

म्हणजे पाच मिनिटांनी काय होणार, वीस दिली तरी काय होणार? आणि प्रत्येकाला तीन तास खुर्ची दिली तर नवव्या मिनिटाला सगळे संपतात. दोन्हीकडून वाट बंद.

उन्हं उतरताना मारुतीच्या देवळात गेलो. दाराशी चपलांची गर्दी, त्यात माझी ठेवली. जप करताना मन लागेना. डोळे मिटले की बाळापूरची भिंत दिसायची. बारा-तेरा जोड, एक दगड, एक पिशवी.

माळ अर्धी राहिली. देवाने माफ करावं. उठून बाहेर आलो आणि चपलांकडे बघत उभा राहिलो.

त्या रांगेत जागा चप्पल धरते, माणूस मोकळा. तो सावलीत बसतो, दाढी करतो. आणि आतल्या सलीमभाईंनाही चपलेचा काही त्रास नाही. ते समोर बसलेल्या एकाचंच काम करतात. आम्ही मात्र साइटवर माणसालाच धरून बसवतो, हालला नाही तर हाकलतो. त्याला चप्पल ठेवून जाता आलं पाहिजे.

एवढं साधं. सलीमभाईंच्या वडिलांच्या दुकानापासून चालत आलेलं.

सोम., २९

अश्विनीला सांगितलं. ऐकताना ती कागदावर चौकोन काढत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे फॉर्म जेवढा भरला तेवढा लिहून ठेवायचा, खुर्ची सोडायची, आणि नंबर त्याचाच ठेवायचा. संध्याकाळपर्यंत."

हो.

"आठवड्याचं काम आहे, काका."

किती दिवसांत होईल?

"तीन दिवसांत केलं तरी काम आठवड्याचंच राहणार ना ते. करते पण."

साहेबांनी सरळ नाही म्हटलं. उघडायच्या आधीच्या आठवड्यात कोणी भिंत पाडून दार बसवत नाही. नवं काही तुटलं तर जबाबदार कोण? मी म्हटलं, सही माझी असते. ते म्हणाले, सही तुमची असते, फोन मला येतात.

मी मागच्या वर्षीचा रिपोर्ट त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो उघडलासुद्धा नाही, नुसतं वरचं पान पाहिलं.

गुरुवार सकाळपर्यंत मुदत. जमलं तर ठीक, नाहीतर पाच मिनिटांवालं जाईल. दुपारी तिघांसाठी त्यांनीच डबे मागवले.

गुरु., १ फेब्रु.

अश्विनीने शब्द पाळला. तिच्या कोडमध्ये त्या भागाचं नाव 'चप्पल' आहे. साहेब म्हणाले, असं नाव देतात का? ती म्हणाली, आत कोण बघतंय.

सकाळी मंडळी सोडली. साइट उभी. मी नंबरांची यादी वाचायला घेतली. केंद्रवाल्यांनी उघडून ठेवलेले कोरे फॉर्मही चप्पल धरून बसले होते. ज्याने जास्त टॅब उघडले त्याच्याकडे पुढचे नंबर. एकटा-दुकटा खरा माणूस शेपटीला. म्हणजे मीच एक नवा अन्याय तयार करून ठेवला. तोही हिरवा.

मुदत संपली होती. साहेब दारात उभे. अश्विनीने काय केलं, सरळ सलीमभाईंना फोन लावला, आवाज मोठा ठेवून. विचारलं, चाचा, रांगेत कोणी दहा दगड ठेवले तर तुम्ही काय करता?

"दगड कोनाचा थे सांगता आलं त राहू देतो. नाव नाई सांगता आलं त उचलून फेकतो. सारे मिळून फेकतेत."

साहेब हसले. पहिल्यांदाच, या पंधरवड्यात. म्हणाले, घ्या, नियम आला. नाव आणि सातबारा भरल्याशिवाय चप्पल नाही. करा. उद्या सकाळी शेवटची टेस्ट.

उपास होता. संध्याकाळी सु.ने (बायकोने) भगर केली होती, खाताना डोळे मिटत होते. ती म्हणाली, मागच्या वर्षी या दिवसांत तुम्ही शांत होता. यंदा बरे दिसता.

शुक्र., २

सकाळी सहाला तिघंही हजर. साहेब धरून.

मंडळी सोडली. केंद्रवाले, टॅबवाले, चष्मावाले, पिशवीवाले. एक माणूस मी दादासारखाच लिहिला होता: दहाला फॉर्म भरतो, ओटीपीशी थांबतो, चप्पल ठेवून जातो, तीन तासांनी परत येतो. खरे तीन तास थांबायला वेळ नव्हता, घड्याळ पुढे ढकलून पाहिलं. परत आला. जागा त्याचीच होती. नंबर मिळाला.

साइट उभी. यादी बरोबर. कोरा दगड एकही नाही.

मग लक्षात आलं. चप्पल ठेवून गेलेले सगळे एकाच वेळी परत आले तर? नर्सची सुट्टी एकला, शाळेची एकला, कारखान्याची एकला. ज्यांच्या खिशात ते फोन आहेत ते सगळे एकलाच फोन काढणार. तेवढ्या गर्दीची टेस्ट करायची तर आणखी दोन दिवस हवेत. सर्व्हर दुपारी खात्याच्या ताब्यात द्यायचा होता.

रिपोर्ट समोर. पेन हातात. सही केली आणि सहीच्या वर हाताने लिहिलं: "थांबवलेले फॉर्म दुपारी एकच्या सुमारास एकदम परत आले तर साइट टिकेल की नाही, हे तपासलेलं नाही. वेळ मिळाला नाही."

साहेब म्हणाले, "असा रिपोर्ट कोणी पाठवतं का, काका?"

"मग मागच्या वर्षीचा पाठवा. त्याच्यावरही माझी सही आहे."

शब्द कडक गेले. मला तसं बोलायची सवय नाही. साहेब खिडकीकडे गेले, रस्त्याकडे बघत राहिले. परत आले, ते पान स्वतः स्कॅन केलं, खात्याला पाठवलं. वर पत्रात एक ओळ घातली की सोमवारी एक वाजता जादा सर्व्हर तयार ठेवावा. ठेवतील की नाही, ते त्यांच्या हातात.

रवि., ४

गावी आलो. साहेब म्हणत होते ऑफिसात थांबा. अश्विनी म्हणाली, आकडे मी बघते, काकांनी माणसं बघावी. साहेब म्हणाले, जा, फोन तेवढा चालू ठेवा.

दादाला सगळं सांगितलं, चपलेचंही. तो लक्ष देऊन ऐकत होता. म्हणाला, "हे शोधाले तुले इतकं शिका लागलं का?"

वहिनींनी विचारलं, डबा एक दिवसाचा बांधू की तीन? मग त्यांनीच एकाचा बांधते म्हणून सांगितलं.

सकाळी ज्योतीशी बोललो. एक वाजता फोन हातात आला की लगेच कळवते म्हणाली. वॉर्डात काही निघालं तर पाच-दहा मिनिटं मागेपुढे.

तुळशीपाशी दिवा लावला. मागायला काही सुचलं नाही. हात जोडून उभा राहिलो, तेवढंच.

सोम., ५ फेब्रु., चांदूर बाजार

(केंद्रावर बसून लिहितो आहे, जमेल तसं.)

८.१० – आलो. भिंतीशी चपला. दादाची अठरावी. त्याने दोन्ही पाय झटकले आणि अनवाणी जाऊन उन्हात बसला. इथली केंद्रवाली मंगला म्हणून आहे, हुशार बाई.

९.५५ – तिने टॅब उघडायला घेतले. मी सांगून पाहिलं, कोऱ्या टॅबचा उपयोग नाही. "असू द्या भाऊ, सवय हाय." सव्वीस उघडले.

१०.०० – उघडली.

१०.०९ – उभी.

१०.११ – उभी. मागच्या वर्षी इथे संपलं होतं. दादाला खूण केली. त्याने मान हलवली, उठला नाही.

१०.४० – तेरा जणांना नंबर. दोघांनी चप्पल ठेवली, म्हणजे साइटवरची. मंगला म्हणाली, हे बरं केलं कोणी तरी.

११.२५ – दादाची पाळी आली. चष्मा खिशातच होता, आज सापडायला वेळ लागला नाही. नाव, गाव, सातबारा. ओटीपी गेला, ज्योतीच्या कुलपात. मंगलाने फॉर्म थांबवला. पडद्यावर आलं: तुमची जागा राखून ठेवली आहे. दादाने ते दोनदा वाचलं. आवाज न करता, ओठ हलवत.

जागा सोडून बाहेर आला. आपली चप्पल उचलली नाही, रांगेच्या कडेला सरकवून ठेवली.

१२.१० – अश्विनीचा फोन. आपण टेस्ट केली त्याच्या दुप्पट माणसं आहेत. तरी चालू आहे. थांबवलेले फॉर्म खूप झालेत, म्हणाली, एवढे आपण धरले नव्हते. जादा सर्व्हरचं विचारलं. अजून कळलं नाही.

१२.४० – दादा आणि मी डबा खाल्ला. एकाच दिवसाचा. इथेही समोर निंब आहे, त्याखाली आता तीसेक माणसं, त्यातली निम्मी फोनकडे बघत बसलेली. कुणाचा मुलगा पुण्याला, कुणाची सून शाळेत. सगळे एकची वाट बघतात.

१२.५८ – साहेबांचा मेसेज: काका, उभे आहोत.

१.०४ – ज्योतीचा फोन. दादा उठला. त्याच क्षणी निंबाखालून आणखी सात-आठ जण उठले, फोन कानाला लावून. आत एकच गर्दी. मंगला ओरडली नाही. नुसतं म्हणाली, ज्याची चप्पल पुढं, त्यानं पुढं.

१.०७ – दादाचा फॉर्म उघडला. भरलेला तसाच. ओटीपी परत मागवला. ज्योतीने आकडे सांगितले, दादाने मोठ्याने म्हटले, मंगलाने टाकले. बटण दाबलं.

१.०८ – पडदा पांढरा. मधे गोल फिरतो आहे.

१.०९ – फिरतो आहे. पलीकडच्या कॉम्प्युटरवरही तेच.

अश्विनीला फोन लावला. तिकडे साहेबांचा आवाज येतो, कोणाला तरी सर्व्हर मागत आहेत. ती म्हणाली, पडलेली नाही काका. पडलेली नाही.

दादाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. पडद्यावरून नजर न काढता. "थांबू दे, वसंता. चप्पल हाय ना माही तठी."

१.१२ – फिरतो आहे.